कोपऱ्यातल्या चौकटीत मी

कुसुम, तुला हृदयाच्या डॉक्टरला दाखवायला नेलं, त्या दिवशी मी तुला लिपस्टिक लावली होती. मरून रंगाची, दुकानातल्या नव्या पाकिटातली. नखांना त्याच रंगाचं नेलपॉलिश आणि गालांवर पावडरचे दोन थर. तुझे ओठ निळे पडतात का, नखं काळसर दिसतात का, हे बघायला तो डॉक्टर तिकडे नागपुरात कॅमेऱ्यासमोर येऊन बसणार होता. आणि मी, तुझी मोठी जाऊ, बसस्टँडसमोर इतकी वर्षं शृंगाराचं दुकान चालवणारी शहाणी बाई, मी नेमक्या त्याच दोन जागा नीट रंगवून ठेवल्या.

हे आधीच सांगून टाकते, कारण तुझ्या तेराव्याला लोक माझ्याबद्दल फार चांगलं बोलले. "जाऊ असावी तर अशी", "बहिणीसारखं पाहिलं तिनं". मी मान खाली घालून ऐकत होते. मला खोटं बोलावंच लागलं नाही, लोक माझ्या वतीनं बोलत होते. आपल्या वतीनं दुसरं कोणी बोललं की कसं वाटतं, ते मला या वयात पहिल्यांदा कळलं. आधी बरं वाटतं. मग आपण त्या खोलीत आहोत की नाही, तेच कळेनासं होतं.

कॅमेऱ्याचं एवढं ज्ञान मला कुठून आलं, ते तुला ठाऊक आहे. माझ्या प्रकाशच्या लग्नात हिंगणघाटहून व्हिडिओ शूटिंगवाला आला होता. तेव्हा आपल्या समुद्रपुरात लग्नाची कॅसेट म्हणजे नवलाई होती. तो हॅलोजन पेटवून माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, पावडर मारा. कॅमेऱ्यात माणूस दोन शेड काळा येते." झालं. मी पाहुणे सोडून आत पळाले आणि अर्धा डबा तोंडाला फासून परत आले. तू मांडवात अक्षता वाटत होतीस. मला पाहिलंस आणि तुझ्या सवयीप्रमाणे आधी थांबलीस. मग म्हणालीस, "बाई, वरमाय कोणती न् कनात कोणती, थेच समजून नाई राह्यलं."

त्या कॅसेटमध्ये आपण दोघी सापडलो आहोत. तू पदर तोंडात कोंबून हसते आहेस, मी हसता हसता पापुद्रे सांडते आहे. मागे भटजी ओरडत आहेत, आपल्याला पत्ताच नाही.

तुझं ते थांबणं! लोकांना वाटायचं, धाकटीला बोलता येत नाही. तुला चांगलं येत होतं. तू वाक्य आधी आतल्या आत पुरं शिजवायचीस आणि मग वाढायचीस. मला तेवढा धीर कुठला? तेवढ्या वेळात मी दोन गिऱ्हाइकं वाटेला लावायचे. म्हणून तुझ्या वाटणीची उत्तरं मी द्यायला लागले. आपल्याकडे पाहुण्यांपुढे मोठी जाऊच बोलते, धाकटी दाराआडून मान हलवते, ही रीत जुनीच. पण ती माझ्याइतकी हौसेनं कोणी पाळली नसेल. पाहुणे विचारायचे, "धाकटीले चहा?" मी म्हणायचे, "थे घेत नाई." तू घेत होतीस. मग मागे जाऊन, चुलीपाशी उभ्या उभ्या घेत होतीस. मला हे तुझ्या पोरीच्या, वर्षाच्या जन्मानंतर कधीतरी कळलं आणि मला हसू आलं. काय पण हसण्यासारखं होतं!

वर्षाला नर्सिंगला घालायचं भांडण तर अर्धंच राहिलं. तिला वर्ध्याला शिकायला पाठवायचं तुझ्या मनात होतं. मी तुझ्या माहेरच्यांसमोर सांगून टाकलं, "पोरीले शिकण्यात रस नाई, आमी स्थळ पाहून राह्यलो." लोक गेल्यावर तू परातीतलं पीठ बाजूला सारलंस आणि म्हणालीस, "बाई, पोरगी माही हाय. तुमी काऊन सांगता तिले कशात रस हाय थे?" मी म्हटलं, "मंग तू काऊन नाई बोलली?" तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, "तुमी सास घेता का कधी मधात?" त्यावर मी दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी तूच माझ्यापुढे ताट ठेवलंस. भांडण मिटलं असं मी धरून चालले. वर्षाचं लग्न झालं, ती पुलगावला गेली, दोन पोरांची आई झाली. तुझा मुद्दा बरोबर होता, हे मी तुला कधी म्हटलं नाही. आता म्हणते. फुकट म्हणते, कारण आता त्याला काही लागत नाही.

आणि तू माझ्या चुका किती निस्तरल्यास! दुकान नवीन होतं तेव्हा मी बांगड्यांचं माप उलटं सांगितलं आणि पेटीच्या पेटी पोरीसोरींच्या मापाची आली. मी डोक्याला हात लावून बसले होते. तू शाळेतल्या मास्तरणीकडे गेलीस, गॅदरिंगच्या नाचासाठी सगळ्या मुलींना एकसारख्या हिरव्या बांगड्या लागतील का विचारलंस, आणि आठ दिवसांत पेट्या रिकाम्या करून आणल्यास. घरात सांगितलंस, "बाईनं मुद्दामच लहान मागवल्या होत्या." मी ते श्रेयही घेतलं. मान डोलावत घेतलं.

मग तुला दम लागायला लागला. लहानपणी तुझे सांधे सुजून ताप यायचा, तेवढंच आम्हाला माहीत होतं. त्या तापानं हृदयातली एक झडप आवळत गेली असावी, असं सरकारी दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या. त्याच वर्षी दवाखान्याच्या गच्चीवर ती उपग्रहाची मोठी पांढरी तबकडी बसली होती. खाली एक खोली रंगवली, तिला एसी लावला, टीव्हीसारखा पडदा आणि वर डोळ्याएवढा कॅमेरा. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरनं इथल्या माणसाला इथेच तपासायचं. मॅडमनी मला बाजूला घेऊन नीट समजावलं होतं. कागद पुढे गेले आहेत, हृदयाची ती ईसीजीची पट्टी गेली आहे. आता साहेब तिला पाहतील, चार प्रश्न विचारतील, आणि आजच नागपूरला न्यायचं की थोडं थांबलं तरी चालेल, ते ठरवतील.

मी ऐकलं ते एवढंच, की कुसुम टीव्हीवर दिसणार.

तिथे मी माझी मोरपंखी साडी नेसून गेले होते. पेशंट तू, साडी माझी नवी. सिस्टरनी दोन खुर्च्या मांडल्या, मी कॅमेऱ्यासमोरची धरली. पडद्यावर नागपूरचे साहेब आले, चष्मेवाले, तरुणच. त्यांचे ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून यायचा, घरंगळत आल्यासारखा. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "नमस्कार ताई, कसं वाटतंय?"

मी म्हटलं, "मले काय धाड भरली? पेशंट हे हाय, बाजूची."

सिस्टर हसल्या. जरा वेळानं साहेबही हसले. त्या पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक लहान चौकट होती, तिच्यात आपणच दिसत होतो. कुसुम, आज सगळं कबूलच करायचं तर हेही ऐक. त्या पूर्ण वेळात मी साहेबांकडे पाहिलं नाही आणि तुझ्याकडेही पाहिलं नाही. मी त्या चौकटीत स्वतःला बघत होते. पदर सारखा करत होते. साठीला टेकलेली बाई, पहिल्यांदा आरसा सापडलेल्या माकडासारखी. त्या चौकटीत मी सबंध मावले होते आणि तू खांद्यापासून कापली गेली होतीस. ते मला दिसलं. सरकून बसावं, हे सुचलं नाही.

साहेबांनी विचारलं, "कुसुमताई, झोपताना उशा किती घ्याव्या लागतात?"

तू थांबलीस. त्यातून त्या यंत्राचं उशिरा पोचणं. पडद्यावर साहेब नुसते बघत राहिलेले. मला ती शांतता सोसेना. चार लोक बघताहेत, घराची अब्रू जाते आहे असं वाटलं. मी म्हटलं, "एकच. आमच्या घरी सगळ्याइले एकेकच उशी हाय, साहेब."

"जिना चढताना दम लागतो का?"

तू तोंड उघडलं होतंस. मला आठवतं, उघडलं होतंस. मी म्हटलं, "आमच्या घराले जिनाच नाई!"

साहेब खळखळून हसले. नागपूरचा एवढा मोठा डॉक्टर माझ्या बोलण्यावर हसला. त्यांनी ओठ दाखवायला सांगितले, ते मरून होते. नखं दाखवायला सांगितली, ती मरून होती. सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं, मी म्हटलं, "कॅमेऱ्यात चांगली दिसावी म्हणून लावलं." मॅडम त्या वेळी दुसऱ्या खोलीत बाळंतिणीपाशी अडकल्या होत्या. साहेब म्हणाले, "ठीक आहे. चेहऱ्यावर तेज आहे. या गोळ्या सुरू करा, तीन महिन्यांनी नागपूरला येऊन तपासणी करू. घाई नाही."

घाई नाही! मी दुकानात परतल्यावर ही गोष्ट रंगवून रंगवून सांगितली. अल्लीपूरची, गिरडची, कुठकुठली गिऱ्हाइकं यायची, बांगड्या भरता भरता त्यांना मी जिन्याचा विनोद ऐकवायचे. तू मागे खोकत होतीस. खोकल्याचा आवाज यायचा म्हणून मी जरा मोठ्यानं सांगायचे.

तीन महिने कुठले? पाचवा आठवडा होता. भर दुपारी तू मागच्या खोलीतून भिंत धरत दुकानात आलीस. तोंडाशी फेस, गुलाबी. बोलता येत नव्हतं, नुसता हात वर केलास. दवाखान्याच्या गाडीत मी तुझी पाठ चोळत होते आणि ड्रायव्हरला, भाऊजींना, देवाला, सगळ्यांना सूचना देत होते. नागपूरला गेल्यावर त्यांनी झडप मोकळी केली. पण मोठे डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी भरायच्या आधी आणलं असतं तर हृदयाचा स्नायू एवढा दमला नसता. ते हे भाऊजींना सांगत होते. मी बाजूलाच होते. त्या एका वेळी मला काही सुचलं नाही. बघ, गप्प बसता येत होतं मला.

त्यानंतर दर तीन महिन्यांनी तुझी तपासणी त्याच खोलीत, त्याच पडद्यावर. पहिल्याच खेपेला सिस्टरनी मला दारात अडवलं. "फक्त पेशंट," म्हणाल्या. मी म्हटलं, "तिले बोलता येत नाई." सिस्टर म्हणाल्या, "पाहू न मंग." आणि दार लावून घेतलं. मी बाकावर बसले. दार पातळ होतं.

आतून तुझा आवाज आला आणि मी दचकले, इतका तो सलग होता. तू बोलत होतीस, थांबत होतीस, परत बोलत होतीस, आणि मध्ये कोणी घुसत नव्हतं. तू म्हणालीस, "साहेब, मी दोन वर्सं बसूनच झोपली. गव्हाच्या कोठीले टेकून." तू म्हणालीस, बादली उचलली की डोळ्यासमोर काजवे येत. तू म्हणालीस, देवघराची एक पायरी चढून तुला खाली बसावं लागे. एकाच घरात, एका भिंतीपलीकडे, कुसुम, मला यातलं काही ठाऊक नव्हतं. नागपुरातल्या त्या परक्या माणसाला आधी कळलं.

साहेबांनी विचारलं, "पहिल्या दिवशी हे का नाही सांगितलं?"

तू थांबलीस. मग म्हणालीस, "सांगूनच राह्यली होती, साहेब. माहा आवाज तुमच्यापाशी पोचाच्या आधी दुसरा पोचला."

मी काय केलं असेल? बाकावरून उठून आत येऊन तुझे पाय धरले? नाही. मला राग आला. घरी येईपर्यंत रिक्षात मी तुला फैलावर घेतलं. परक्या माणसापुढे घरची लक्तरं काढतेस, एवढी तोंडाळ कधी झालीस, उशा लागत होत्या तर मागायच्या नाहीत का. तू बाहेर कपाशीकडे बघत होतीस. मला वाटलं, हिला पटलं.

पुढे दिवाळीला प्रकाश पुण्याहून आला. कंपनीचा लॅपटॉप घेऊन ओसरीवर बसला आणि कानाला ते हेडफोन लावून आपल्या ऑफिसच्या लोकांशी बोलू लागला. एक अमेरिकेत, एक हैदराबादेत. मी दोनदा मध्ये जाऊन चिवडा विचारला. तो वैतागला. "आई, इथं एकाचं संपेपर्यंत दुसऱ्यानं थांबायचं असतं. आवाज उशिरा पोचतो. मध्ये बोललं की दोघांचंही वाया जातं." पुण्याला राहून तो आता असंच बोलतो. तू तिथेच करंज्या भरत होतीस. तू वर पाहिलंस, आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "पाह्य कुसुम, आता पोट्टे आपल्याले बोलाचं शिकवतात." आणि तुझ्या वतीनं मीच हसले.

चार वर्षं अशी गेली. संध्याकाळी आपण ओट्यावर बसायचो. मी तुला दुकानातलं सांगायचे, गावातलं सांगायचे, माझ्या गुडघ्यांचं सांगायचे. तू ऐकायचीस. मी शेजारणींना म्हणायचे, आमचं दोघींचं फार जमतं, तासन् तास बोलत बसतो. हे मी अगदी मनापासून म्हणायचे गं. तपासणीची तारीख आली की तू साडी बदलून, कुंकू नीट करून, एकटी निघायचीस, आणि येताना चेहरा मोकळा झालेला असायचा. मला त्या पडद्याचा हेवा वाटायचा. एका काचेचा. चाळीस वर्षं एका घरात काढलेल्या जावेला एका काचेचा.

आणि तो शेवटचा दिवस. सकाळचे दहा वाजले होते. तू अंगणात मेथी निवडत होतीस, मी बाजूला पाटावर. मी तुला विचारलं, भाजीत दाणे घालायचे की डाळ? तू थांबलीस. तुझ्या सवयीप्रमाणेच थांबलीस, असं मला वाटलं. मी म्हटलं, "डाळच घालू, तुले डाळ आवडते." आणि पुढे बोलत गेले. सोयाबीनच्या भावाचं काहीतरी, प्रकाशच्या पोरीच्या शाळेचं काहीतरी. बरीच पुढे गेले होते, कुसुम. तुझ्या हातातली जुडी घसरून माझ्या पायावर पडली, तेव्हा मी वळून पाहिलं.

मी किती वेळ एकटी बोलत होते, हे मला कोणी विचारलं नाही. मी कोणाला सांगितलंही नाही. तुला सांगते आहे.

तेरावं झालं, लोक गेले. वर्षा मागे राहिली, तुझ्या पेटीतल्या साड्या काढून घड्या घालत होती. मी तिच्यासमोर जाऊन बसले. एवढं सगळं लोक बोलून गेले होते, मला खरं ऐकायचं होतं. मी विचारलं, "वर्षा, तुई माय माह्यावर रागावली होती काय वो, त्या लिपस्टिकवरून?" तिनं हातातली घडी पुरी केली, खाली ठेवली. मी गप्प राहिले. मग ती म्हणाली,

"रागावली नोती, मोठीआई. पण त्या टीव्हीतल्या डॉक्टरच्या दिवसापासून आई तुमच्यासंग हो-नाईच्या पुढे एक शब्द बोलली नाई. आमाले वाटलं, तुमच्या ध्यानात आलं असन."